गोळी चालू आहे, पण तपासणी झाली का?



चांदूर बाजारहून आम्ही ज्या गावांना भेटी देतो, त्यांतील एक बहीण कित्येक वर्षे एच.आय.व्ही.ची गोळी न चुकता घेत होती. दर भेटीत मी विचारायचे, "बाई, गोळी चालू आहे ना?" ती म्हणायची, "हो ताई." पाळी नसतानाही अंगावरून रक्त जाते, हे तिने फार उशिरा सांगितले. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. मी स्त्री असूनही तिला तेवढे कधी विचारले नव्हते. म्हणून हा पाठ आधी माझ्यासाठी आहे.

या कर्करोगामागे बहुधा दुसरा एक विषाणू असतो: एच.पी.व्ही. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये. बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवून देते. एच.आय.व्ही.ने प्रतिकारशक्ती कमी झाली की तो ठाण मांडून बसतो. अशा स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे 6 पट असतो. एरवी कर्करोग व्हायला 15 ते 20 वर्षे लागतात, एच.आय.व्ही.वर उपचार नसतील तर 5 ते 10 वर्षेही पुरतात. गोळीने धोका कमी होतो, पण संपत नाही.

कावीळ ब चेही तसेच. दोन्ही विषाणू असले तर यकृत लवकर खराब होते. एच.आय.व्ही.च्या गोळीतील टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधे कावीळ ब वरही चालतात. म्हणूनच बरे वाटते म्हणून गोळी परस्पर सोडली, तर कावीळ अचानक उसळू शकते.

आशेची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. 1999 पासून उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एच.पी.व्ही.ची तपासणी फक्त एकदा केली, तेथे 8 वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे राहिले. हा अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा होता, एच.आय.व्ही. असलेल्या बहिणीला तपासणीची गरज त्याहून अधिक आहे.

सरकारी कार्यक्रमात या कर्करोगाची तपासणी वयाच्या 30 व्या वर्षापासून होते. एच.आय.व्ही. असेल तर 25 पासूनच करावी, आणि दर 3 ते 5 वर्षांनी पुन्हा करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कर्करोगापूर्वीचा डाग सापडला तर बहुधा दाखल न होताच उपचार होतो.

मार्क 5 मधील रक्तस्रावाने पीडित स्त्री 12 वर्षांनंतरही गर्दीत मागूनच आली. लाज तेव्हाही होती. प्रभूने तिला पुढे बोलावून कन्या म्हटले. आपणही आपल्या बहिणींना असे बोलते करू या.

या तिमाहीत प्रत्येक मंडळीने एवढे करावे: अशा बहिणीला एकांतात विचारा, तिचे नाव कोठेही उच्चारू नका, एस.टी.चे भाडे द्या आणि एखाद्या ताईने तिच्यासोबत दवाखान्यात जावे. मी आता दर भेटीत दोन प्रश्न विचारते. दुसरा प्रश्न या लेखाच्या शीर्षकात आहे.