नळीच्या वयाची दारू

बाळा, बंदूक आता तुझ्या नावावर झाली. वाशीमच्या जिल्हाधिकारी कचेरीतून परवान्याचं पुस्तक घेऊन तू आलास, देवापुढे ठेवलंस, मग माझ्या पाया पडलास. बरं वाटलं. पण पुस्तक कचेरीतून मिळतं, अक्कल घरातून घ्यावी लागते. ही ठासणीची बंदूक माझ्या थोरल्या काकांनी केनवडच्या शिवारात राखणीसाठी वापरली, त्यांच्यानंतर मी. मधली वर्षं मी फौजेत आर्मरर होतो. तिथे बंदूक चालवणं कमी, उघडून दुरुस्त करणं जास्त. काकांनी कानात सांगितलेलं आणि फौजेत हातांनी शिकलेलं, दोन्ही आज तुझ्या ओटीत घालतो.

पहिला मंत्र काकांचाच. ते म्हणायचे, “लेका, बंदुकीले तिच्या वयाची दारू पाजजो.” बाकी सगळं या एका वाक्यातून निघतं.

दारू दोन जातींची. एक काळी, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाची. दुसरी बिनधुराची, जी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली आणि आजच्या काडतुसांत असते. आपल्या भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत बनते ती हीच जात. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन राख आणि धूर होऊन उरतं. तिचा जोर कमी आणि रेटा ढकलल्यासारखा असतो. बिनधुराची जवळजवळ सगळीच वायू होते. शिवाय तिचा एक स्वभाव ध्यानात ठेव: जितकं कोंडावं तितकी ती जास्त वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळते तितका दाब आणखी वाढतो. उघड्यावर ती शांतपणे जळताना पाहून माणूस फसतो. काळ्या दारूचं माप घेऊन तेवढीच बिनधुराची दारू जुन्या नळीत घातली, तर नळी केळीच्या सोपटासारखी फाटते. आणि ती फाटते तेव्हा तिच्याजवळ तुझा डावा हात आणि तुझं तोंड असतं.

म्हणून कोणी नवं काडतूस फोडून दारू दिली, “ही जोरदार आहे” म्हणाला, तर हात जोडून परत कर. फटाक्यातली दारूही तशीच. ती आवाजासाठी आणि उजेडासाठी बनवलेली असते, गोळी ढकलण्यासाठी नाही. नळीत तिचा भडका कसा उठेल याचा भरवसा नाही. परवानाधारक दुकानातून, परवान्यावर लिहिली असेल तितकीच, डब्यावर जात लिहिलेली काळी दारू घ्यायची. पावती पुस्तकात ठेवायची.

तू मला विचारलं होतंस, फौजेच्या जुन्या रायफलींचं काय? सांगतो, कारण त्यातही हाच धडा आहे. इंग्रजांची थ्री नॉट थ्री १८८८ साली आली ती काळ्या दारूवरच. तीन-चार वर्षांत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली. रायफलीचं नाव तेच राहिलं, दारू बदलली. कॉर्डाइट इतकं तापायचं की नळीच्या आतले मेटफर्ड पद्धतीचे उथळ, गोलसर आटे लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ साली खोल, चौकोनी आट्यांची एन्फील्ड नळी आणावी लागली. म्हणजे एका दारूसाठी साम्राज्याने नळी बदलली. त्यांनी दारूप्रमाणे नळी बदलली. आपल्याला नळी बदलता येत नाही, म्हणून आपण नळीप्रमाणे दारू निवडायची.

गोळीचंही तसंच. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीसारख्या रायफलींत नुसत्या शिशाची गोळी चालत असे. नवा वेग आला तसं मऊ शिसं टिकेना. ते आट्यांत घासून चिकटू लागलं. मग गोळीवर कठीण धातूचं कवच चढलं. आजही परदेशात जुन्या फौजी रायफली जपणारे लोक शिशाची ओतीव गोळी वापरतात, पण वेग मुद्दाम उतरवून. त्यांची दारू निवडण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. कमी वेगासाठी लवकर जळणारी दारू अगदी थोडी लागते, आणि मोठ्या काडतुसात ती तळाशी पडून राहते. धोका तिथेच आहे: चुकून दोनदा ओतली तरी काडतूस भरलेलं दिसत नाही. म्हणून जाणती माणसं अशी फुगीर दारू पसंत करतात की दुप्पट पडली तर ती तोंडातून बाहेर सांडावी, डोळ्यांना दिसावी. आणि मंद जळणारी दारू फार कमी घालत नाहीत. ती नीट पेटली नाही तर गोळी नळीतच अडकते, आणि अडकलेल्या गोळीवर दुसरा बार टाकला की नळी संपली. ते लोक हे छापील तक्ता समोर ठेवून करतात, अंदाजाने नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस घरी भरणं हा गुन्हा आहे. तू त्या वाटेला जायचं नाहीस. पण त्यातला विचार घे: जी चूक डोळ्यांना दिसत नाही, ती करायला जागाच ठेवू नये.

आपल्या बंदुकीत ती चूक अशी होते. भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरतात. त्यावर उपाय ठासायच्या गजावर आहे. गजावर मी दोन खुणा कोरल्या आहेत: रिकाम्या नळीत गज किती आत जातो त्याची एक, भरलेल्या नळीची दुसरी. बंदूक हातात घेतली की तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी गज टाकून बघ. त्याच खुणेवरून गोळी दारूवर घट्ट बसली की नाही तेही कळतं. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर दाब तिथेच अडतो आणि नळी फुगते.

भरताना दारूच्या डब्यातून थेट नळीत ओतायचं नाही. नळीत एखादी ठिणगी राहिली असेल तर सगळा डबा हातात पेटेल. वेगळ्या मापात काढायची, डबा बंद करून दूर ठेवायचा, मग ओतायची. बार पेटवणारी टोपी सगळ्यात शेवटी. टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर लगेच डोकवायचं नाही. नळी शेताच्या मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं. काका म्हणायचे, “घाई नोको करू. सुटलेला बार वापस येत नाही.”

बंदुकीला तिच्या नावावरून ओळखू नकोस, तिच्या शिक्क्यावरून ओळख. फौजेत आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, दोन रायफली शेजारी उभ्या असत. एक थ्री नॉट थ्री, दुसरी १९६० च्या दशकात इशापूरला बनलेली सेव्हन सिक्स्टीटू. लांबून जुळ्या बहिणी. पण काडतूस वेगळं आणि दाबही वेगळा. तिसरी एक, बाहेरून तशीच, पण आतून गुळगुळीत नळीची चारशे दहाची मस्केट. ती पहाऱ्यासाठी आणि पोलिसांसाठी करून घेतलेली होती. नवा शिपाई तिघींना एकच समजायचा. उस्तादांनी मला शिकवलं, “आधी वाच, मग भर.” नळीवर काही वाचता आलं नाही तर जाणत्या, परवानाधारक कारागिराकडे ने. त्याने हो म्हणेपर्यंत बार नाही.

आता साठवण. शिवरायांच्या राज्यव्यवहाराची शिकवण सांगणारं ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलं. त्यात गडावरच्या दारूखान्याबद्दल जे सांगितलंय ते आजही खरं आहे: दारूखाना घरांपासून दूर असावा, दारू जमिनीला न टेकवता माचावर ठेवावी, ओल लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उष्णता द्यावी, पहारा असावा, परवानगीवाचून कोणी जवळ येऊ नये. गडाच्या बंदोबस्तात त्या माणसाला दारूच्या मडक्याचीही काळजी होती. तूही तेच कर. एक बदल मात्र कर: घरी दारू वाळवत बसायचं नाही. आपल्या काळ्या मातीतला पावसाळा डब्यात शिरतोच. दारूचे गोळे झाले तर पाट्यावर, खलबत्त्यात रगडायचे नाहीत. घासूनही ती पेटते. ती बाद समजायची आणि दुकानदार किंवा पोलीस सांगतील तसं करायचं. दारू, टोप्या आणि बंदूक तीन वेगळ्या ठिकाणी, तिन्ही कुलुपात. चूल, बिडी, इन्व्हर्टर यांपासून लांब.

छर्रे तोंडात धरायची सवय आपल्या भागात पुष्कळांना होती. शिसं हे विष आहे. हाताळलं की साबणाने हात धुवायचे, मग भाकरीला लागायचं.

बार टाकला त्याच दिवशी नळी धुवायची, दुसऱ्या दिवशी नाही. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते; एका ओल्या रात्रीत नळीला गंज चढतो. नुसतं तेल लावून भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत. थ्री नॉट थ्रीच्या जुन्या काडतुसांच्या टोप्याही असाच क्षार मागे ठेवायच्या, म्हणून शिपाई नळीत उकळतं पाणी ओतत. तूही गरम पाण्याने धू, कोरड्या फडक्याने पूस, नळी पूर्ण सुकू दे, मग तेलाचा हलका हात.

शेवटचं बोलतो ते जास्त मनावर घे. रोही आणि रानडुकरं रात्रीत सोयाबीन आणि तूर आडवी करतात, हे मी जन्मभर पाहिलंय. राग येतो. तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय जनावरावर नळी रोखायची नाही. काळवीट तर नाहीच. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. नुकसान झालं की पंचनामा करून भरपाईचा अर्ज करायचा. बांधावर गावठी बॉम्ब ठेवणाऱ्याची आणि कुंपणात वीज सोडणाऱ्याची संगत नको. त्यात डुकराआधी शेजाऱ्याची गाय नाहीतर शेजारीच मरतो. वरातीत, मिरवणुकीत बार काढायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निवडणुकीत बंदूक जमा करायचा हुकूम आला की पहिल्याच दिवशी ठाण्यात नेऊन दे, पावती घे.

ही बंदूक आपल्या घरात तीन पिढ्या राहिली आणि घरातल्या कोणाचं बोटसुद्धा गेलं नाही. आपल्या घराची खरी मिळकत हीच आहे. तुझ्या लेकाच्या हाती देशील तेव्हा तिच्यासोबत हे बोलणंही दे.