डिस्प्ले गेला, लॅपटॉप नाही गेला!

महाड एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत व्हिजिटला गेलात तर कंट्रोल रूममध्ये नीट बघा. ऑपरेटरसमोर दोन-तीन मॉनिटर असतात. एकावर प्लांटचं चित्र, दुसऱ्यावर तापमान आणि दाबाचे आलेख. रिॲक्टर तापायला लागला की विंडो उघड-बंद करत बसायला सवड नसते.

आपल्याकडे रिॲक्टर नाही, पण सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉपचा स्क्रीन काळा पडला की जीव टांगणीला लागतोच. अशा वेळी आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय, पंख्याचा आवाज येतोय, म्हणजे मशीन बहुधा जिवंत आहे. शेजारच्या रूममधला मॉनिटर आणा आणि जोडा. बऱ्याचदा चित्र आपोआप येतं. नाही आलं तर मॉनिटरवरच्या बटणाने योग्य इनपुट निवडा. तरीही नाही, तर विंडोज की धरून पी दाबा, पुन्हा एकदा पी दाबा, मग एंटर. चित्र दिसलं की पहिलं काम म्हणजे रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेणे. गेम नंतर!

खरी गंमत केबलची. व्हीजीए हे १९८७ सालचं, आयबीएमने आणलेलं. तीन ओळींत १५ पिना, सिग्नल ॲनालॉग, आवाज नाहीच. एचडीएमआय डिजिटल, त्यातून आवाजही जातो. (म्हणून एचडीएमआय लावल्यावर लॅपटॉप मुका झाला तर घाबरू नका, आवाज मॉनिटरकडे गेलेला असतो आणि त्याला स्पीकरच नसतो.) नवा लॅपटॉप आणि जुना मॉनिटर असेल तर एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. नुसती वायर चालत नाही, कारण आत डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप हवी. उलट दिशेचा कन्व्हर्टर वेगळा असतो, दुकानात हे स्पष्ट सांगा. यूएसबी-सीचं तर विचारूच नका. भोक सारखंच, पण प्रत्येकातून चित्र जाईलच असं नाही. लॅपटॉपचं मॅन्युअल पाहूनच पैसे टाका.

लॅपटॉपचा स्क्रीन धड असेल तर 'डुप्लिकेट'पेक्षा 'एक्स्टेंड' बरं. १३६६ × ७६८ चा लॅपटॉप आणि १९२० × १०८० चा मॉनिटर डुप्लिकेट केले की मोठ्यावरची अक्षरं बहुतेक वेळा धूसर होतात. एक्स्टेंडमध्ये दोघांचं रिझोल्यूशन वेगळं ठेवता येतं. एकीकडे ड्रॉइंग, दुसरीकडे कॅल्क्युलेशन.

जुना मॉनिटर विकत घेणार असाल तर मागच्या जाळीत टॉर्च मारून बघा. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या घरादुकानांत शिरलं होतं. आत गाळ किंवा गंज दिसला तर मॉनिटर कितीही स्वस्त असो, प्लग लावूच नका.