जुने चित्र कसे पाहावे

बालमित्रांनो, शिवाजी महाराजांच्या काळी कॅमेरा नव्हता. मग महाराज कसे दिसायचे ते आपल्याला कसं कळालं? त्या काळच्या चित्रांवरून. पण चित्र कोणाचे हेच चुकले तर? तसे झाले होते! पूर्वी दुसऱ्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापत होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खरे चित्र शोधले आणि १९३३ साली लोकांपुढे आणले. म्हणून चित्र नीट बघावे.

आधी कपडे बघावेत. त्या काळी मोठे लोक जामा घालीत. जामा म्हणजे लांब, घेरदार अंगरखा. त्याला बटणे नसत, काखेजवळ बंद असत. हिंदू लोक बंद डावीकडे बांधीत, मुसलमान उजवीकडे. ही डावी बाजू चित्रातल्या माणसाची धरायची, आपली नाही. इथे लई घोटाळा होतो.

त्या वेळच्या पुष्कळ चित्रांत राजाचा चेहरा एका बाजूने काढलेला असतो. एकच डोळा दिसतो. नाक मात्र छान कळतं. हातात तलवार नाहीतर फूल असते. राजा खरंच फूल घेऊन बसला होता असे नाही, ती चित्रकारांची रीत होती. या चित्रांत सावली नसते, सगळा चेहरा सारखाच उजळ.

आता दुसरे चित्र सांगतो. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला होता. त्याने १७९२ साली सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे तैलचित्र काढले. यात उजेड-सावली आहे. तुम्ही दाराजवळ आडवे बसा, एक गाल उजळ अन् दुसरा काळपट दिसेल. तसेच यात केले आहे, म्हणून माणसे जिवंत वाटतात.

पेशवे आणि नाना बसलेले आहेत, चाकर मागे उभे आहेत. आपल्या पेडगावात लग्नाच्या फोटोत पण नवरा-नवरी बसतात अन् बाकीचे उभे राहतात, तसंच. पेशव्यांच्या गळ्यात मोत्यांच्या माळा, नानांचा पोशाख साधा. मग मोठा कोण? पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते अन् कारभार नानाच बघत. हे नुसत्या दागिन्यांवरून कळालं नसतं, त्याला इतिहास वाचावा लागतो.

१७९५ साली सवाई माधवराव वारले. त्याच वर्षी वेल्सही वारला. ते चित्र आता लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.