तीन-अठराची तीन-पंधरा

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला मी तीनदा विचारले होते. एकदा त्याच्या दुकानात, एकदा फोनवर आणि एकदा पैसे हातावर ठेवताना. "हे करता येतं ना? कायद्यात बसतं ना?" तिन्ही वेळा उत्तर एकच: "ओण्णुम आगादु सार." काही होत नाही, साहेब. "एवढं शिकलेला माणूस, तुला कळायला नको होतं?" असे जे नातेवाईक मला अजून ऐकवतात, त्यांच्यासाठीही हे लिहितो आहे.

रायफल आजोबांची, वेस्टली रिचर्ड्सची .३१८. १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली. तेव्हा वेदारण्यम आमच्या तंजावर जिल्ह्यातच होते आणि त्याच्याजवळच्या कोडिक्करैला काळविटांच्या शिकारीला लोक जात. १९६७ साली तिथे अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव कायदा आला आणि ते सगळे संपले. संपले ते बरेच झाले. मला शिकार करायची नव्हती. मेल वीधीतल्या आमच्या घरात आजोबांच्या म्हणाव्यात अशा दोनच वस्तू उरल्या होत्या, ऊंजल म्हणजे झोपाळा आणि ही रायफल. तिच्यातून निदान एक बार निघावा, एवढीच इच्छा होती. पण .३१८चे काडतूस आता आपल्याकडे मिळत नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातले .३१५ मात्र परवान्यावर मिळते. मिस्त्री म्हणाला, "तीन-अठरा आणि तीन-पंधरा, सार. इंचाच्या हजार भागांतल्या तीन भागांचा फरक. चेंबर थोडं बदललं की झालं." त्याचे हे गणित मला पटले. कुणालाही पटले असते.

गणित साफ खोटे होते. बंदुकीवरचा आकडा हे अनेकदा गोळीचे माप नसते, नाव असते. .३१८च्या काडतुसातली गोळी प्रत्यक्षात .३३० इंचाची असते, .३१५ची सुमारे .३२३. म्हणजे फरक तीनाचा नाही, साताचा, आणि एवढ्या फरकाने गोळी नळीत ढिली पडते. काडतुसाचे घर तर वेगळेच. .३१८ची पुंगळी साधारण ६१ मिलिमीटर लांब, बुडाला काठ नसलेली. .३१५ची ५० मिलिमीटर, बुडाला रुंद काठ असलेली. अकरा मिलिमीटरची ती पोकळी चेंबरमध्ये कशाने भरून काढणार, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मला सुचला नाही, आणि ज्याचा हा धंदा आहे त्याने तो मला सांगितला नाही.

दोन महिन्यांनी रायफल परत आली. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रिकामी पुंगळी, "टेस्ट केली सार, फर्स्ट क्लास" असे म्हणून दिलेली. घरी येऊन मी ती खिडकीत उजेडाला धरली. बुडावर 'केएफ' हा खडकीचा ठसा. तोंडापासून खाली नखभर लांबीची चीर. पोट एका बाजूने फुगलेले, आणि फुगवट्यावरून बुडापर्यंत काजळीचा काळा ओघळ. रायफलच्या पेटीतली .३१८ची जुनी पुंगळी काढून मी तिच्या शेजारी उभी केली. एक उंच, काठाविना. दुसरी बुटकी, रुंद बुडाची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची बुद्धी मला तोवर झाली नव्हती. त्या क्षणी पोटात गोळा आला तो अजून आठवतो. हे घडले तेव्हा रायफल माझ्या खांद्याला असती, तर तो ओघळ माझ्या गालावरून गेला असता.

शेजारचे गृहस्थ पोन्मलैच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी व्हर्नियर आणून मापे घेतली, बॅटरीचा उजेड चेंबरमध्ये टाकला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "राव सार, आत रिंग बसवली आहे. बोल्टचं तोंड कानशीने घासलं आहे." ज्या पोलादावर बाराचा सगळा दाब येतो त्यावर कानस! नळीवर बंदुकांची दाबचाचणी घेणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा मुकुटाचा ठसा आहे, पण एकदा चेंबर बदलले की त्या ठशाला काही अर्थ उरत नाही.

मी मिस्त्रीला फोन लावला. आधी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाला, "तुम्हीच आणून दिलीत, सार. तुम्ही सांगितलंत तसं केलं." पावती मागितली तेव्हा "कसली पावती?" त्याचा परवाना दुरुस्तीचा होता, रूपांतराचा नव्हताच, हे मला त्यानंतर कळले. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण तीनदा विचारूनही जो माणूस तीनदा खोटे बोलतो, त्याला मी माफ केलेले नाही.

आता ज्यांच्या घरात अशी जुनी रायफल आहे त्यांनी नीट ऐकावे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणे, विकणे, दुरुस्ती आणि रूपांतर हे शब्द वेगवेगळे लिहिलेले आहेत. मिस्त्रीच्या परवान्याची प्रत मागा आणि त्यात रूपांतर हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. विनापरवाना रूपांतराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या परवान्यावर बोअरचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय बदलायचा नाही. आधी कागद, मग कानस.

बोअर हा आपल्याकडे नुसता मिस्त्रीचा विषय कधीच नव्हता, सरकारचा होता. १९०७ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, कारण ती काडतुसे बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकांना उपयोगी पडतील ही भीती. मग विलायतेतल्या कारखानदारांनी .४७० आणि .४६५ काढल्या. .३०३ सामान्य माणसाला मिळत नाही तेही ती लष्करी म्हणूनच. आणि .३१५ म्हणजे मूळचे ऑस्ट्रियाचे ८ मिलिमीटर मॅनलिखर. आपल्या लष्कराचे काडतूस ते नाही, म्हणून तर ते नागरिकांच्या वाट्याला आले. हे मी सगळे नंतर वाचले.

पावती घ्या. काम होण्याआधी आणि नंतर फोटो काढा. काडतूस मिळत नाही म्हणून बंदूक बदलू नका. वारशाची म्हणून परवान्यावर नुसती ठेवता येते. आणि बदललेली बंदूक नव्याने प्रूफ टेस्ट झाल्याखेरीज कुणीही, कितीही जाणकार असला तरी, खांद्याला लावू नये.

मी वकिलाला गाठले, झाले ते स्वतःहून परवाना कार्यालयाला लेखी कळवले आणि रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. गुन्हा नोंदला गेला नाही, पण वर्षभर खेटे घातले. प्रत्येक वेळी पहिल्यापासून तीच हकिगत सांगायची, प्रत्येक वेळी समोरच्याची तीच नजर. त्या दोन पुंगळ्याही जमा केल्या. विक्रेत्याने पावती लिहिली. मेकच्या रकान्यात वेस्टली रिचर्ड्स लिहिले. बोअरपाशी थांबून त्याने मला विचारले, "कोणता लिहू?" मी म्हटले, "तीन-अठरा." त्याने तो लिहिला आणि स्थितीच्या रकान्यात 'वापरण्यास अयोग्य' असे लिहून सही केली.