एका इंचाचे सहा फूट

इंचभर व्यासाचं स्टिकर १/७२ प्रमाणात सहा फुटांचं होतं. हा हिशेब मी गणेशोत्सव मंडळाच्या कार्याध्यक्षांना जुलैमध्ये कागदावर मांडून दाखवला होता आणि त्यांनी मान डोलावली होती. तरीही ऑगस्टअखेरीस मी बनवलेल्या हरिकेन विमानाच्या मॉडेलच्या दोन्ही पंखांवर तिरंग्याची गोल स्टिकरं होती, तीही फेविक्विकने चिकटवलेली. पैसे अजून पूर्ण मिळालेले नाहीत. छंदातून चार पैसे सुटावेत असं ज्यांना वाटतं आणि ज्यांच्या दारात उद्या एखादं मंडळ, शाळा किंवा सोसायटी ‘आम्हाला एक विमान करून द्या’ म्हणत येईल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निम्मं माझ्याही समाधानासाठी, हे लपवत नाही.

२०२५ चा गणेशोत्सव म्हणजे ऑपरेशन सिंदूरच्या वर्षातला. जिकडे पाहावं तिकडे राफेल, नाहीतर एस-४००. नेरूळमधल्या आमच्या मंडळाला (नाव लिहीत नाही, सेक्टरही नाही, ओळखणारे ओळखतील) वेगळं काहीतरी हवं होतं. वायुदलाची सुरुवातीपासूनची वाटचाल दाखवायची, असं ठरलं. इकडच्या पोरांना विमानांचं वेड तसंही लागलेलंच आहे. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर वायुदलाचं सी-२९५ उतरलं, सुखोई घोंघावत वरून गेली, तेव्हापासून गच्चीवर उभं राहून आकाशाकडे बघणं हा उद्योग झालाय. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. मिग-२१, सुखोई, राफेल ही मंडळी बाजारात तयार मिळाली, धातूची, स्टँडसकट. दुसऱ्या महायुद्धातलं भारतीय वैमानिकांचं विमान मात्र तयार मिळेना. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं: ते काका प्लॅस्टिकची विमानं बनवतात, त्यांना विचारा.

ठरलं ते असं: एक नंबर स्क्वाड्रनचं हरिकेन, इंफाळ, १९४४. ही निवड त्यांची, कारण फलकावर मोठा फोटो अर्जन सिंग यांचा होता. स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग तेव्हा पंचविशीचे. इंफाळच्या वेढ्यात त्यांची तुकडी जपान्यांच्या हालचाली हेरत उडत राहिली आणि माउंटबॅटन यांनी तिथेच येऊन त्यांच्या छातीवर डीएफसी पदक लावलं. पुढे १९६५ च्या युद्धात तेच वायुदलप्रमुख होते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचा पुढे चुराडा झालाय.

मोबदला नऊ हजार, आगाऊ तीन. पोलंडच्या आर्मा हॉबीचं किट, रंग, वरची कस्टम्स ड्यूटी यांतच ते तीन हजार संपले, उलट थोडे माझ्या खिशातून गेले. आगाऊ रकमेत सामानाचा सगळा खर्च यायलाच हवा, कटरचं पातं आणि सँडपेपर धरून. ‘काका, मंडळाचं काम आहे, देवाचं काम आहे’ असं कुणी म्हणालं की रक्कम वाढवून सांगायची.

भांडण झालं ते गोलावरून, म्हणजे विमान कुणाचं हे सांगणाऱ्या पंखांवरच्या खुणेवरून. ब्रिटिश विमानांवरच्या गोलात मधे लाल ठिपका असायचा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या पंखांवर लाल सूर्य. खालून किंवा मागून बघणाऱ्याला झाडीत, ढगात, घाईत एवढंच दिसणार: लाल आहे, मारा. म्हणून तिकडच्या विमानांवरून लाल रंगच काढून टाकला आणि पुढे मधल्या पांढऱ्याच्या जागी फिकट निळा आला. १९४४ च्या इंफाळमधलं हरिकेन म्हणजे गडद निळं कडं आणि आत फिकट निळा ठिपका, आणि सगळा गोलच लहानसा. माझ्या प्रमाणात जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या वर. आपला केशरी-पांढरा-हिरवा गोल विमानांवर आला १९५० मध्ये.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत, ऑफिस म्हणून वापरतात त्या गाळ्यात बसून सांगितलं. एका तरुण सभासदाने विचारलं, ‘‘काका, मग हे आपलं विमान म्हणायचं कशावरून?’’ प्रश्न रास्त होता. चालवणारे आपले, तेल भरणारे, तोफांत गोळ्या भरणारे, इंजिनाखाली चिखलात झोपून दुरुस्ती करणारे आपले, आणि विमान राजाचं. यातलं काहीच खोटं नाही आणि यातलं काहीच गाळताही येत नाही. मग मी आणखी एक सांगितलं. इंफाळच्या त्या लढाईत तिरंगा होता, पण समोरच्या बाजूला. आझाद हिंद सेनेने तो १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला फडकवला, इंफाळपासून थोड्याच अंतरावर. त्याच वर्षी, त्याच खोऱ्यावर आपली पोरं हरिकेन उडवत होती, जपान्यांच्या विरुद्ध. यात कुणालाही कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण १९४४ च्या हरिकेनवर तिरंगा रंगवला तर दोन्हीकडच्या माणसांची गोष्ट पुसली जाते.

गाळ्यात कुणी बोलेना. मग चहा आला आणि विषय मंडपाच्या फ्लेक्सवर गेला.

गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी धरून चाललो नाही. रात्री व्हॉट्सॲपवर तारीख, स्क्वाड्रन, रंगांची यादी, गोलाचं चित्र, सगळं पाठवलं. कार्याध्यक्षांचा अंगठा आला. पुढे त्याच अंगठ्याबद्दल ते म्हणाले, ‘मी सगळ्यांनाच अंगठा देतो हो.’ तेव्हा वाचणाऱ्यांनो, रंगीत प्रिंट काढा, त्यावर विमानाची तारीख लिहा, चिन्हं कुठे आणि केवढी ते खुणा करून दाखवा आणि खाली सही घ्या. आता माझ्या फाइलमध्ये असा छापील कागद तयार असतो.

काम कसं केलं तेही सांगतो, कारण ‘एवढ्याशा विमानाला नऊ हजार?’ हे मला माईकशेजारी उभं करून ऐकवलं गेलं. हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर. १/७२ मध्ये तो सतरा सेंटिमीटर भरतो. या विमानाचा पुढचा भाग धातूचा आणि कॉकपिटच्या मागचा भाग कापडाचा, आत नळ्यांचा सांगाडा आणि लाकडी पट्ट्या. म्हणून मागे त्या पट्ट्यांचे उंचवटे दिसले पाहिजेत, पण पत्र्याच्या जोडांसारख्या काळ्या रेषा तिथे भरायच्या नाहीत. नवखे लोक सगळीकडे सारखीच काळी शाई फिरवतात आणि कापडाचा पत्रा करून टाकतात. नाकाखाली धूळ गाळणारा तो फुगीर व्होक्स फिल्टर हवाच, नाहीतर विमान इंग्लंडमधलं होतं. रंग वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून मीडियम सी ग्रे. टामियाच्या बाटल्यांत एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-८३ हे हिरव्या-करड्याला थेट चालतात. मातकट रंगासाठी एक्सएफ-५२ घ्या, थोडा उजळ करून. लहान मॉडेलवर पूर्ण गडद रंग काळवंडलेला दिसतो.

आणि हे सगळं जुलैत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, भिंतीला ओल आलेली असताना. पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं. शेवटचं मॅट वार्निश दमट हवेत मारलं की पांढरं धुकं धरतं आणि हिरव्याची राख होते. शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या, खोलीत एसी ‘ड्राय’वर तासभर चालवा, आकडा साठच्या खाली आला तरच एअरब्रश उचला. नाही आला तर दुसऱ्या दिवशी. धुकं धरलंच, तर वरून चकचकीत वार्निशचा हलका हात मारून पाहा, बऱ्याचदा ते उतरतं. डीकल (पाण्याने बसवायची चिन्हं) लावण्याआधी चकचकीत थर, डीकल वाळल्यावर पुन्हा एक, मॅट सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की डीकलखाली हवा राहते आणि ते रुपेरी दिसतं.

मला हवे त्या मापाचे गोल तयार डीकलमध्ये मिळाले नाहीत, म्हणून मास्किंग टेपमधून वर्तुळं कापली आणि दोन निळे फवारले. गडद निळा आधी, मग मधे फिकट. एवढ्या लहान वर्तुळाची कड फाटली की पुन्हा पहिल्यापासून. त्या गोलांना बाकीच्या सगळ्या विमानाहून जास्त वेळ गेला असेल.

कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, फेव्हिकॉलने बसवली, साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलने. पारदर्शक भागाजवळ फेविक्विकसारखा झटपट गोंद कधीही वापरायचा नाही. त्याची वाफ काचेवर बसते आणि काच कायमची दुधाळ होते. हे नुसतं वाचून सोडू नका, पुढे कामाला येणार आहे.

लाकडी फळीवर स्क्रूने विमान पक्कं केलं, वर ॲक्रिलिकचा डबा. सांगून दिलं: डबा काढायचा नाही, पुसायचं तर बाहेरून.

गौरी आल्या त्या संध्याकाळी आम्ही सहकुटुंब दर्शनाला गेलो. रांग बरीच होती. दानपेटीपाशी माझा ॲक्रिलिकचा डबा दिसला, प्रसादाच्या लाडवांवर उपडा घातलेला. तेव्हाच पोटात गोळा आला. वर पाहिलं, तर विमान फळीवरून उखडून मासेमारीच्या तंगूसने टांगलेलं, खाली निळा दिवा आणि धुराचं यंत्र. प्रोपेलरचं एक पातं गायब. पंखांवर सिग्नलला पंधरा ऑगस्टच्या आधी विकतात ती गोल स्टिकरं. इंचभर, म्हणजे सहा फूट. एका स्टिकरची कड एलेरॉनवरून, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या भागावरून, खाली लोंबत होती.

पण मी खिळून राहिलो ते कॅनोपीकडे बघत. ती पांढरी पडली होती. स्टिकर कशाने चिकटवलंय हे सांगायला कुणाची गरज उरली नाही. फेविक्विक लावून विमान रात्रभर बंद डब्यात ठेवलं असणार. वाफेला बाहेर जायला जागा नाही, ती सगळी काचेवर बसली. आतला वैमानिक, ज्याच्या हेल्मेटला मी भिंग लावून रंग दिला होता, तो मोतीबिंदू झाल्यासारखा बसलेला. आणि माईकवरचा मुलगा उत्साहात सांगत होता, ‘‘भाविकांनो, हे आपलं हरिकेन, ज्याने १९६५ मध्ये पाकिस्तानला पाणी पाजलं!’’ अर्जन सिंग, १९६५, हरिकेन, सगळं एकाच कढईत. जपान गेला, इंफाळ गेलं.

कार्याध्यक्ष हसतमुखाने आले. ‘‘काका, पब्लिक खूश आहे! तुमचं ते निळं लांबून दिसतच नव्हतं.’’ मी म्हटलं, दिसू नये म्हणूनच ते लहान असतं, लढाऊ विमान आहे. त्यावर ते म्हणाले, ‘‘लोकांना कुठे काय कळतंय?’’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. रांगेत पुढे उभा असलेला एक शाळकरी मुलगा फलक वाचून आईला विचारत होता की १९४४ मध्ये पाकिस्तान होता का. त्याला कळत होतं. मग मी आवाज चढवला, आणि उत्तर आलं, दहा माणसांसमोर, ‘‘तिरंगा लावला तर बिघडलं काय? तुम्हाला तिरंग्याचं वावडं आहे का?’’

यावर काय बोलणार? बायकोने दंड धरून बाहेर काढलं.

विसर्जनानंतर विमान परत आणलं. दुरुस्तीची आशा ठेवणाऱ्यांसाठी सांगतो. वाळलेलं फेविक्विक ॲसिटोनने निघतं, पण किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं, त्यालाही ॲसिटोन खातं. घासून काढायला गेलं तर गोल जातात आणि एलेरॉनवरचे कापडाचे उंचवटेही. कॅनोपी बाहेरून पॉलिश होते, आतलं धुकं तसंच राहतं, ती उचकटून बदलावीच लागते. म्हणजे नवं किट. सहा हजार यायचे होते त्यातले दोन आले. बाकीचे ‘डॅमेज’पोटी वजा. पातं त्यांच्या तंगूसने तुटलेलं, आणि वजावट माझ्या बिलातून.

आणखी काही गोष्टी, सुचतील तशा. डबा फळीला अशा स्क्रूने आवळा की घरातल्या साध्या पेचकसाने उघडणार नाही. षटकोनी खाचेचे स्क्रू चांगले, ॲलन की सहसा कुणाकडे नसते. टांगायचं आहे का, हे पहिल्या बैठकीतच विचारा, कारण टांगायच्या मॉडेलला पोटात आधीच आकडा बसवावा लागतो. फलकावरचा मजकूर आपण लिहून द्यावा, आणि माईकवाल्याला वेगळी चिठ्ठी. देण्याच्या दिवशी चारही बाजूंनी फोटो काढा, त्यात घेणारा माणूस दिसला पाहिजे. पैसे वेळेवर मागा, लाजू नका. ओळखीतलं काम घेऊ नका, म्हणजे घ्याल, मला माहीत आहे, पण निदान रोखीने घ्या. आणि ज्यांना नुसतं दिमाखदार काही हवं असतं त्यांना बाजारातलं धातूचं विमान घ्यायला सांगा. त्यात कमीपणा नाही, तुमचा जुलै वाचेल.

यंदा त्याच मंडळाचा निरोप आलाय. नॅट हवं आहे, वैमानिक निर्मलजितसिंग सेखों यांचं, श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१. ‘‘यावर तिरंग्याचाच गोल आहे काका, म्हणजे तुम्हाला अडचण नाही.’’ अडचण वेगळी आहे. एअरफिक्सचं नॅट म्हणून जे किट सहज सापडतं, ते दोन आसनांच्या ट्रेनरचं. सेखों उडाले होते ते एकआसनी नॅटमधून. ते किट वेगळं शोधावं लागतं आणि परदेशातून मागवावं लागतं. हे मी त्यांना कळवलंय. त्याआधी गेल्या वर्षीचे चार हजार जमा करा, हेही कळवलंय. अंगठा आलाय.