बरोबरींत सुटलेला एक संस्मरणीय डाव

बरोबरींत सुटलेला बुद्धिबळाचा डाव नीरस असावयाचा, असा पुष्कळांचा समज असतो. इ. स. १८७२ मध्यें व्हिएन्ना नगरींत कार्ल हाम्पे व फिलिप माइटनर यांच्यांत झालेला अवघ्या १८ चालींचा डाव हा समज खोटा ठरवितो. पट मांडूनच पुढील मजकूर वाचावा.

हाम्पे पांढरीं मोहरीं खेळत होते. दोघांनींही राजासमोरील प्यादें दोन घरें पुढें सारलें. दुसऱ्या चालीस हाम्पे यांनीं वजिराकडील घोडा बाहेर काढिला. या आरंभास ‘व्हिएन्ना डाव’ म्हणतात. घोडा राजाच्या प्याद्यास आधार देतो, आणि राजाकडील उंटासमोरचें प्यादें पुढें सारण्यास मोकळें राहतें. माइटनर यांनीं राजाकडील उंट पुढें आणिला.

येथेंच चूक झाली. त्या उंटावर मारा करण्यासाठीं हाम्पे यांनीं तोच घोडा पुन्हां हालवून पटाच्या कडेस नेला. पूर्वीच्या जागीं तो आठ घरांवर नजर ठेवीत होता; कडेस केवळ चारच घरें त्याच्या कक्षेंत उरलीं. माइटनर यांनीं तत्काळ उंटाचा बळी देऊन पांढऱ्या राजास बाहेर ओढिलें. पुढें वजीर व एक घोडाही अर्पण केला. शहामागून शह खात तो राजा शत्रूच्या मुलुखांत खोल शिरला.

अखेरीस काळ्याजवळ दोन हत्ती, एक उंट व प्यादीं एवढेंच बळ उरलें; पांढऱ्याजवळ वजिरासह बहुतेक सैन्य शाबूत होतें. सोळाव्या चालीस माइटनर यांनीं तो उरलेला उंटही राजाच्या तोंडाशीं ठेवून शह दिला. राजानें तो मारिला असता, तर काळा राजा बाजूस होऊन हत्तीला वाट देता व मात अटळ होती. हाम्पे यांनीं लोभ आवरून राजा मागें घेतला. उंटानें पुन्हां शह दिला. राजा पुन्हां पूर्वीच्या घरीं आला. उंट शह देत राही व राजा त्याच दोन घरांत फिरत राही, अशी स्थिति झाल्यानें डाव बरोबरींत सुटला.

यांतून दोन धडे मिळतात. आरंभीं एकच मोहरें विनाकारण दोनदां हालवूं नये. आणि समोर ठेविलेलें मोहरें मारण्यापूर्वीं, तें कां ठेविलें, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

जातां जातां एक गोष्ट : अणूच्या विच्छेदनाचा उलगडा १९३९ मध्यें करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकीं लीझे माइटनर या ह्याच फिलिप माइटनर यांच्या कन्या होत.