बसली म्हणजे चालली असं नव्हे

संगणकाची डिस्क बदलताना पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. लोक आकार आणि जीबी बघतात, जोडणी बघत नाहीत. साताऱ्यात दुरुस्तीचं काम करताना "नवी डिस्क बसवली, पण दिसतच नाही" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता टेस्टर हातात घेण्याआधी मी डिस्कवरचं लेबल वाचतो.

माझ्या पुतणीच्या लॅपटॉपचंच घ्या. 256 जीबीची एसएसडी भरली म्हणून तिने दुकानातून 512 ची आणली. जुनीसारखीच लांबट पट्टी, स्लॉटमध्ये नीट बसली, स्क्रूही लागला. पण बायॉसमध्ये तिचं नावच येईना. "काका, दुकानदार म्हणतोय मदरबोर्ड गेलाय. बदलायचा का?" असा तिचा फोन आला. लॅपटॉप मागवून घेतला आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. जुनीच्या सोनेरी कडेला एक खाच होती, नवीच्या कडेला दोन. बोर्डाला काहीही झालं नव्हतं. जुनी पट्टी एनव्हीएमई होती आणि नवी साटा. लॅपटॉपचा स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखणारा होता.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, हे कोणी सांगत नाही. पट्टीवर 2280 लिहिलेलं असतं ते 22 मिलिमीटर रुंदी आणि 80 मिलिमीटर लांबी. आत बोलणं साटाचं आहे की पीसीआय एक्स्प्रेसवरून चालणाऱ्या एनव्हीएमईचं, हे त्यावरून कळत नाही. एक खाच असेल तर पट्टी बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. "बहुधा" म्हणतो, कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्या आहेत. म्हणून खाच बघून अंदाज बांधावा आणि लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करावी. मग बोर्डाचं मॅन्युअल उघडावं. स्लॉट फक्त साटा घेतो, फक्त एनव्हीएमई घेतो की दोन्ही, हे तिथेच लिहिलेलं असतं. डेस्कटॉपच्या मॅन्युअलमधली बारीक टीपही वाचावी. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरात आला की साटाचा एखादा पोर्ट बंद पडतो, आणि जुनी डिस्क बिघडली असं समजून लोक ती माझ्याकडे घेऊन येतात.

पुतणीची साटा पट्टी आता यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरतो. ती केस घेतानाही हेच बघावं लागलं. केसही साटाची, एनव्हीएमईची किंवा दोन्हींची अशी वेगवेगळी मिळते.

दुसरा घोटाळा पडद्यावरच्या शब्दांमुळे होतो. एका पतसंस्थेच्या संगणकात जास्तीची डिस्क बसवायची होती. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "आयडीई", म्हणजे साटाच्या आधीची जुनी जोडणी, असं शीर्षक दिसलं, म्हणून त्यांचा माणूस थेट मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन रुंद पट्ट्याची जुनी, वापरलेली डिस्क शोधून घेऊन आला. कॅबिनेट उघडलं तर आत सगळ्या बारीक साटा केबली. विंडोज ते जुनं शीर्षक साटा कंट्रोलरलाही लावतं. विंडोजच्या जुन्या डब्ल्यूएमआयसी आज्ञेत तर साटा डिस्क "आयडीई" म्हणून आणि एनव्हीएमई डिस्क "स्कझी" म्हणून दिसते. बायॉसमध्ये साटाचा मोड आयडीई ठेवला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. पडद्यावरूनच ओळखायचं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. त्यात इंटरफेस हा रकाना वेगळा असतो. लिनक्सवर एलएसबीएलके आज्ञेला ट्रान हा रकाना मागितला की साटा, एनव्हीएमई, यूएसबी असं सरळ उत्तर मिळतं.

डोळ्यांनी ओळखणं तर त्याहून सोपं. संगणक बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि मग बघा. आयडीई डिस्कला 40 पिनांचा रुंद पट्टा, चार जाड पिनांचा पॉवर कनेक्टर आणि मास्टर-स्लेव्ह ठरवणारा जंपर असतो. जुन्या लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला 44 बारीक पिना असतात, पॉवर त्यांतूनच येते. साटाचे दोन्ही कनेक्टर चपटे, एल आकाराचे असतात: डेटाचा 7 संपर्कांचा, पॉवरचा 15 संपर्कांचा. साटा 2003 च्या सुमारास बाजारात आली. आता दहा-बारा वर्षांच्या आतला घरगुती संगणक असेल तर आयडीईची शक्यता जवळजवळ सोडून द्यावी.

साटाच्या पिढीची मात्र काळजी करू नका. सेकंदाला 1.5, 3 आणि 6 गिगाबिट अशा तीन पिढ्या आहेत आणि सहाची डिस्क तीनच्या पोर्टवरही चालते, फक्त वेग उतरतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला तर तो फरक जाणवतही नाही.

जपायचं ते स्वस्त सर्व्हर-डिस्कपासून. जुन्या बाजारात मोठ्या क्षमतेच्या डिस्क निम्म्या दरात दिसल्या की त्या सॅस, म्हणजे सर्व्हरच्या जोडणीच्या, असू शकतात. साटाच्या डेटा आणि पॉवर कनेक्टरमध्ये रिकामी फट असते, सॅसमध्ये ती प्लास्टिकने भरलेली असते. साटा डिस्क सॅसच्या जागेत चालते, पण सॅस डिस्क घरच्या साटा पोर्टला लागतच नाही. पोर्टेबल डिस्कचा यूएसबी सॉकेट तुटला तर आतून साटा निघेल या भरवशावर ती फोडूही नका. काहींमध्ये यूएसबी थेट सर्किटवरच असतं आणि साटाचा कनेक्टर नसतोच.

तेव्हा दुकानात जाताना जुन्या डिस्कच्या लेबलचा आणि कनेक्टरच्या कडेचा फोटो, शिवाय लॅपटॉपचा किंवा बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर सोबत ठेवा. बिलावर नुसतं "एसएसडी 512 जीबी" लिहू देऊ नका, साटा की एनव्हीएमई तेही लिहून घ्या. चुकीची डिस्क निघाली तर ती बदलून मागायला तोच एक शब्द तुमच्या हातात असतो.